देवस्थळीबाई आणि मास्तरांचा दात

देवस्थळीबाईंकडे दात दाखवायला गेलेल्या माणसाला आधी पाय दाखवावे लागत. दवाखान्याच्या उंबऱ्याशी कुणी सवयीनं चपला काढायला वाकलं, की आतून दमलेला आवाज यायचा, "राहू द्या. तशाच घालून या." आमचं चिंचवड त्या काळात असं, की माणूस पोस्टातसुद्धा चपला बाहेर काढून शिरायचा. त्यामुळे लोक अवघडायचे. एक पाय आत, एक बाहेर, गालावर हात, आणि समोर पांढरा कोट घातलेली एक जाडसर बाई आपल्या पायताणाकडे टक लावून बघतेय. दात दुखायचा राहायचा बाजूला.

पायानंतर हात. हातानंतर नखं. मग गळा. मग जीभ. आणि एवढं सगळं झाल्यावर, आठवण झाल्यासारखं, "हं, कुठला दात?"

माझं औषधाचं दुकान त्यांच्या दवाखान्याला लागून होतं. मधे एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. पलीकडे कुणी ओरडलं की माझ्या बरण्या वाजायच्या. त्यामुळे बाईंचं जे मला माहीत आहे ते निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आणि निम्मं भिंतीतून ऐकलेलं. त्या कुठल्या, शिकल्या कुठं, लग्न का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. एक भाऊ सांगलीला होता, एवढं ठाऊक. आमची आई मात्र विचारून आली होती. "एकटीच हाय बाई," ती घरी येऊन म्हणाली, "आन् सैपाक करायचा कटाळा करती. रोज खिचडी. अशानं व्हय?" त्या दिवसापासून आमच्या घरून आठवड्यातून दोनदा बाईंकडे डबा जायला लागला. बाईंनी कधी नको म्हटलं नाही आणि कधी कौतुकही केलं नाही. डबा धुऊन परत यायचा, एवढंच.

बाई आल्या तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उगवत होते. शेतं विकून लोक गेटवर उभे राहायला लागले होते, आणि उरलेला महाराष्ट्र ट्रंका घेऊन इथं उतरत होता. एवढ्या माणसांचे दात म्हणजे डेंटिस्टची चांदी, असं कुणालाही वाटावं. पण आमच्याकडे दाताला डॉक्टर लागतो हेच कुणाला मान्य नव्हतं. दात दुखला की लवंग, लवंगेनं भागलं नाही तर तंबाखूची चिमूट, आणि अगदीच गळ्याशी आलं की उपटणारा. भरायचा, वाचवायचा, हे श्रीमंतांचे चोचले. त्यात ही बाई दात उपटायच्या आधी सांगायची, "उद्या सकाळची लघवी बाटलीत घेऊन या."

आता मला सांगा, अक्कलदाढ ठणकतेय, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत, आणि डॉक्टरीण लघवी मागतेय. लोक तिथून उठून तणतणत माझ्या दुकानात यायचे. "वाल्हेकर, ही बाई दाताची आहे का कशाची?" मी म्हणायचो, "भाऊ, तिला तुमच्यातली साखर बघायचीय." "दातात साखर?" "दातात नाही. तुमच्यात."

त्या तपासणीचं निळं औषध माझ्याच दुकानातून जायचं. काचेच्या नळीत ते घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर देव पावला. हिरवट झालं तर सांभाळा. पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी झालं, तर दात बाजूला ठेवा आणि आधी मोठ्या डॉक्टरकडे जा. बाईंचं म्हणणं साधं होतं. रक्तात साखर खेळत असेल तर जखम भरत नाही, हिरडी सडते, आणि दाताखालचं हाड आतल्या आत विरघळतं. मग वर कितीही कलाकुसर करा. "तोंड एकटं कधी आजारी पडत नाही हो," त्या म्हणायच्या. "ते फक्त आधी बोंबलतं."

त्यांचा दुसरा प्रश्न याहून अवघड. "रात्री लघवीला किती वेळा उठता?" हा त्या सगळ्यांना विचारायच्या. तरण्या पोराला, म्हाताऱ्याला, एकदा तर थेरगावच्या एका सरपंचांना, त्यांच्या सुनेसमोर. सरपंच लालबुंद झाले. "आम्ही दाताला आलोय," म्हणाले. बाई पेंगुळल्यासारख्या खुर्चीत टेकल्या होत्या. म्हणाल्या, "दात तुमच्याबरोबरच उठत असेल ना? म्हणून विचारलं." सरपंच निघून गेले. महिन्याभरानं त्यांची सूनच त्यांना घेऊन आली, तेव्हा ते गुमान बाटली घेऊन आले होते.

कामगार मंडळींनी बाईंना जे नाव ठेवलं होतं ते मी इथं लिहीत नाही. त्यांना ते ठाऊक होतं. "खोटं नाही काही," एवढंच म्हणाल्या.

त्यांचा थकवा हा त्यांच्यासारखाच अंगाबाहेरचा मामला होता. म्हणजे बाई दिसल्या की आपल्यालाच दमल्यासारखं व्हायचं. वीज तर तेव्हा कधी असायची, कधी नसायची. नसली की दात कोरायचं मशीन पायानं चालवायचं, शिलाई मशीनसारखं. एक पाय जमिनीवर, एक पायट्यावर, कमरेत वाक, आणि हातात रोग्याचा दात. हाताला पायाची खबर लागू द्यायची नाही. दुपारी त्या माझ्या फळीशी येऊन उभ्या राहायच्या, कमरेवर हात ठेवून. "दमले हो वाल्हेकर." मी स्टूल पुढे करायचो. त्या बसायच्या नाहीत. "बसले तर उठणार नाही," म्हणायच्या आणि गार झालेला चहा तसाच पिऊन परत जायच्या.

पण माणूस समोर आला की तो थकवा कुठं जायचा देव जाणे. एकदा एक हवालदार आले. कवळी करून नेली होती बाईंकडूनच, आणि आता भांडायला आले होते. "बाई, कवळी आवळते. वरची बसते, खालची बसत नाही. काम कच्चं आहे तुमचं." भिंतीपलीकडे मी कान टवकारले.  मग बाईंचा आवाज आला, "हवालदारसाहेब, बूट नवे घेतलेत?"

"हो. जुने चावायला लागले."

"अंगठी कुठंय? मागच्या वेळी होती बोटात."

"निघेना म्हणून सोनाराकडून कापून घेतली. पण कवळीचं काय ते बोला की."

"टोपी?"

हवालदार मग जरा वरमून म्हणाले, "टोपीपण घट्टच होते जरा."

बाई म्हणाल्या, "कवळी लहान नाही झाली. तुमचा जबडा वाढलाय. चाळिशीच्या माणसाचा जबडा वाढत नसतो." मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक गाठ असते, ती बिघडली की हातपाय, नाक, जबडा, सगळं वाढत सुटतं, असं त्यांनी त्याला समजावलं आणि चिठ्ठी देऊन पुण्याच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. निघालं तसंच. पुढे कित्येक दिवस हवालदार रस्त्यानं जाताना दवाखान्यासमोर सायकलवरून उतरायचे आणि चालत पुढे जायचे. बाईंनी ते कधी बघितलं नाही. मी बघायचो.

आणखी एक होतं, ते सांगायलाच हवं. बाई रोग्याशी खोटं बोलत नसत. बाकीचे डॉक्टर म्हणतात ना, "मुंगी चावल्यासारखं होईल"? या म्हणायच्या, "दुखेल. बरंच दुखेल. पण संपेल." लहान पोरांनाही हेच. आयांना राग यायचा. पोरं मात्र बाईंकडे रडायची नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलंय. धीर द्यायला म्हणून काही गोड बोलावं, तर त्यांना ते जमायचंच नाही. कोकणातला कातळ परवडला.

आता उस्मान मास्तरांचं सांगतो. कारण बाईंची आठवण काढली की मला मास्तरांचा दात आठवतोच, त्याला इलाज नाही.

उस्मानभाई कारखान्यात लेथवर टर्नर. आणि लग्नसराईत बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे, म्हणून मास्तर. माणूस असा, की शिफ्टमधून सुटला की मशीनचं तेल हाताला तसंच आणि तोंडानं सूर सुरू. इकडे चाकण, तिकडे राजगुरुनगरपर्यंत लोक लग्नाची तिथी धरायच्या आधी मास्तर मोकळे आहेत का, ते विचारायचे. नवरदेव मिळेल हो दुसरा, मास्तर कुठून आणायचे? कारखान्यातला पगार पोटाला होता. पण त्यांना विचारलं, "काय करता?" तर ते कधी टर्नर म्हणत नसत. "वाजवतो," म्हणायचे.

एकदा ते खड्ड्यात सायकलवरून पडले आणि वरचे पुढचे दोन दात गेले. ट्रंपेट दातांवर टेकवून वाजवायचं असतं. ओठ मधे, मागून दातांचा टेका. टेका गेला की वाजतो तो नुसता वारा. मास्तरांनी पुण्याहून काढता-घालता येणारे दात करून आणले. पहिल्याच लग्नात, मोशीला, वरात पाराशी आलेली, मास्तरांनी वरचा सूर धरला आणि दात निसटून घोड्याच्या पुढ्यात पडले. घोडा बिचकला. वऱ्हाड हसून हसून लोळलं. त्या लोकांचंही चुकलं नाही म्हणा, कुणीही हसलं असतं. पण मास्तरांनी दात उचलले, रुमालात गुंडाळले, ट्रंपेट जोडीदाराच्या हातात दिलं आणि रस्त्यानं चालत घरी आले. त्यानंतर त्यांनी वाजवणं सोडलं.

त्याच सुमारास बाई मुंबईला जाऊन एक नवी विद्या शिकून आल्या होत्या. हिरडी उघडायची, जबड्याच्या हाडात बारीक खाच करायची, तिच्यात धातूचं चपटं पातं ठोकून बसवायचं, आणि त्याच्या वर निघालेल्या खुंटीवर दात चढवायचा. काढायचा नाही, घालायचा नाही. इम्प्लांट. मला त्यांनी ते पातं दाखवलं होतं, कापसात ठेवलेलं. एवढंसं. त्या दिवशी त्या माझ्या फळीशी बसल्या, स्टुलावर, पहिल्यांदा. "हाड धरलं पाहिजे," म्हणाल्या. "ठोकणं सोपं आहे. धरणं हाडाच्या मर्जीवर."

मास्तर आले. दाराशी रबरी सपाता काढायला वाकले, बाई म्हणाल्या, राहू द्या. "नाही बाई, ते बरं नाही दिसत," म्हणून काढल्याच. सगळं ऐकून घेतलं. "वाजवता येईल?"

"माहीत नाही. टिकलं तर येईल. टिकेल का, तेही आज सांगता येणार नाही."

"दुखंल?"

"दुखेल."

"मग करा."

"आधी बाटली आणा."

बाटली आली. मी स्वतः पाहिलं, नळीतलं औषध निळं ते निळंच राहिलं. आकाशासारखं. बाईंनी पातं बसवलं.

सुरुवातीला सगळं बरं होतं. मास्तर आरशात बघून हसायचे. मग हिरडी लाल झाली. मग पू. बाई रोज धुवायच्या, औषधं द्यायच्या, माझ्याकडच्या सगळ्या गोळ्या झाल्या. एका सकाळी मास्तरांनी खाकरून थुंकलं आणि पातं बेसिनमध्ये वाजलं. भिंतीतून मलासुद्धा तो आवाज आला.

मास्तरांनी पातं धुऊन बाईंच्या हातात दिलं. बाईंनाच लागलं ते. त्यांनी मनाशी पक्कं केलं, की खाच रुंद झाली, हात घसरला, कमरेच्या वाकात आपण चुकलो. पुढे कुणी तसले दात मागायला आलं की सांगायच्या, "पुण्याला जा. माझा हात चांगला नाही." मी म्हटलं, "बाई, एक पडला म्हणून काय झालं?" त्या आपला उजवा हात फळीवर ठेवून बघत राहिल्या. "एकच तर बसवला होता, वाल्हेकर." असे सहा-सात महिने गेले असतील. बाईंना एवढं थकलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. आईचा डबासुद्धा निम्मा परत यायला लागला.

मग एक दिवस मास्तर भलत्याच वेशात आले. बँडवाल्यांना माणूस कमी पडला होता, म्हणून त्यांना गणवेश चढवून नुसतं खुळखुळा वाजवायला उभं केलं होतं. तिथून हिरडी दुखते म्हणून परस्पर बाईंकडे. लाल कोट, सोनेरी फीत आणि पायात काळे पॉलिशचे बूट. मी त्यांच्यामागून आत गेलो होतो, स्पिरिट द्यायला. बाईंची नजर सवयीनं खाली गेली आणि तिथंच राहिली.

बुटांच्या टोकांवर पांढरे ठिपके होते. वाळलेले, चुन्याचे शिंतोडे असावेत तसे.

"हे काय आहे?"

"रंग उडाला असंल मांडवाचा."

बाई खाली बसल्या. कमरेचं दुखणं असलेली ती बाई, कोट सावरत, मास्तरांच्या पायाशी. मास्तर "अरे अरे, बाई" करत मागं सरकले. बाईंनी नखानं ठिपका खरवडला. चिकट होता. मग भिंतीला धरून उठल्या आणि मोकळी बाटली मास्तरांच्या हातात दिली. "मागं मोरी आहे. आत्ता. माझ्यासमोर नाही, पण या वाल्हेकरांसमोर."

मी गेलो बरोबर. काय करणार.

नळीतलं औषध उकळायच्या आधीच रंग बदलायला लागलं. हिरवं झालं, पिवळं झालं, आणि विटकरी होऊन तळाशी बसलं. तिघंही त्या नळीकडे बघत होतो. साखर इतकी जात होती, की लघवीचे थेंब बुटांवर उडून वाळले की तिथं साखरच उरायची.

बाईंनी विचारलं, "तेव्हाची बाटली कुणाची होती?"

मास्तर खुर्चीत बसले. टोपी काढून मांडीवर घेतली. "मेव्हण्याची."

आता हे बाहेरच्या माणसाला पटायचं नाही, म्हणून सांगतो. कारखान्यात पर्मनंट करायच्या आधी मेडिकल व्हायची, तेव्हा बाटली घरून भरून न्यायची असायची. साखर निघाली तर घरी बसवतात, अशी वदंता. खरं-खोटं कुणी तपासलं नाही. पण कारखान्यातल्या त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे खात्यात, एक पैलवान गडी होता, खाल्लेलं पचवणारा. मेडिकल आली की सगळे त्याच्याकडे. पोरं त्याला आदल्या दिवसापासून दूध पाजायची. अख्खी बॅच त्या एका पैलवानाच्या जिवावर पास झाली होती. कारखान्याच्या डॉक्टरला आपले कामगार भलतेच निरोगी वाटत असणार. मास्तरही त्यातलेच. आणि बाई पडल्या कारखान्याच्या पॅनेलवर, म्हणजे कारखान्यानं नेमलेल्या डॉक्टरांत. इथं निघालं तर तिथं कळेल, म्हणून मास्तरांनी जुनाच रिवाज पाळला. पैलवान तोवर गावी गेलेला, मग घरातला तरणाताठा मेव्हणा.

"अब्बांचा पाय साखरेनंच गेला," मास्तर म्हणाले. "मला डाऊट होता, बाई. पन बघायला भ्या वाटायचं. बघितलं की असतंय ना ते."

"पर्मनंट होऊन किती काळ झाला तुम्हाला?"

"झाला की जमाना."

"मग आता कोण काढणार होतं?"

 माणूस पर्मनंट झाला होता, भीती टेंपररीच्या काळातलीच राहिली होती. मला वाटलं, आता बाई फाडून खाणार. खाऊ देत, खायलाच हवं होतं. त्या म्हणाल्या, "मेव्हण्याला दात बसवला असता तर टिकला असता." आणि नळी धुवायला वळल्या. पाठ आमच्याकडे करून म्हणाल्या, "एवढे महिने मी माझ्या हाताकडे बघत होते, मास्तर." आवाज अगदी साधा होता. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरं सांगतो, माझ्याही.

पुढे मोठ्या डॉक्टरांकडून इन्सुलिन सुरू झालं. मास्तरांच्या घरी फ्रीज कुठला, बाटली माझ्या दुकानात राहायची. रोज सकाळी मास्तर यायचे, सुई टोचून घ्यायचे, आणि जाताना एक डोळा दवाखान्याच्या दारावर. सगळ्यात अवघड होती ती शिफ्ट. एक आठवडा सकाळी, एक आठवडा दुपारी, एक आठवडा रात्री. इन्सुलिनला घड्याळ लागतं आणि कामगाराला घड्याळ नसतं. साखर ताब्यात यायची, पुन्हा सुटायची, पुन्हा यायची. बाई भाकरी-भाताचं बोलायच्या, पायांच्या जखमांचं बोलायच्या. दाताचं दोघंही काढायचे नाहीत.

दीड-दोन वर्षांनी मास्तरांनीच काढलं. "बाई, आता निळं राहतंय."

"हाड कमी झालंय तुमचं. पहिल्या खेपेनं खाल्लं ते परत येत नाही. जरा बाजूला जागा आहे, पण थोडी आहे."

"थोड्यात बसवा."

"पडलं तर तिसऱ्यांदा जागा नाही."

"न्हाई बसवलं तर तरी कुठं वाजवनार हाय मी?"

बाईंनी चार दिवस घेतले. त्या चार दिवसांत माझ्या फळीशी येऊन दोनदा "नाही म्हणते त्यांना" म्हणून गेल्या. पाचव्या दिवशी पातं बसवलं. या वेळी बाटली मास्तरांनी दवाखान्याच्या मोरीतच भरली, आणि दार सताड उघडं ठेवून. माझ्याकडे बघत. निर्लज्ज माणूस.

धरलं. जखम वाळली, हिरडी गुलाबी झाली, वर एकाच खुंटीवर जोडलेले दोन दात चढले. आणि माझ्या पुतणीच्या लग्नात, थेरगावात, मास्तर पुन्हा लाल कोट घालून उभे राहिले. बाई आल्या होत्या. लोखंडी खुर्चीवर मांडवाच्या कडेला बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. मास्तरांनी सूर वर नेला, आणखी वर नेला आणि तिथं ठेवला. अंगावर काटा आला हो. मी बाईंकडे वळून म्हटलं, "कसं काय?" त्या म्हणाल्या, "मला गाण्यातलं काही कळत नाही. दात आहे ना जागेवर?" पण त्या दिवशी त्यांनी जिलेबी मागून घेतली. दुसऱ्यांदाही घेतली.

मग मास्तर दोन सराया वाजले. मी 'वाजले' म्हणतो कारण आमच्याकडे सगळे तसंच म्हणायचे, यंदा मास्तर वाजणार का.

बाईंची कंबर मात्र गेली. उभं राहवेना. एक दिवस त्यांनी सांगितलं, दवाखाना एका तरुण डॉक्टरला देतेय, सांगलीला भावाकडे जाते. मी म्हटलं, "करमेल का?" "झोपेन," म्हणाल्या. मला वाईट वाटलं, मी ते बोललोही. त्यांनी नुसती मान हलवली.

जायच्या दिवशी चिंचवड स्टेशनवर मी सोडायला गेलो. पुण्याची गाडी, तिथून पुढे सांगली. एक ट्रंक, एक वळकटी. आईनं दिलेला डबा. मास्तर पहिल्या शिफ्टहून तसेच धावत आले, तेलकट कपड्यांत. बाकावर बसलेल्या बाईंसमोर येऊन उभे राहिले. 

बाई म्हणाल्या, "तोंड उघडा."

भर फलाटावर मास्तरांनी वाकून तोंड उघडलं. लोक बघायला लागले. बाईंनी अंगठा आणि बोटात तो दात धरला आणि डोळे मिटले. पुढे, मागे. जरा थांबून पुन्हा. मग बोट पदराला पुसलं.

"छान आहे," म्हणाल्या. "वाजवा."

मास्तरांचा चेहरा काय सांगू तुम्हाला. "चहा आणतो बाई, गाडी येईपर्यंत," म्हणून ते पळाले.

ते लांब गेल्यावर बाई म्हणाल्या, "वाल्हेकर, हलतोय."

मला आधी उमगेचना. "काय हलतोय?"

"दात. माझ्या बोटाला कळण्याइतका. त्यांना अजून कळणार नाही."

"मग तुम्ही..."  या बाईनं अडीच वर्षांच्या पोरालाही कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"करण्यासारखं काही उरलेलं नाही. जागाच नाही. सांगितलं तर आजपासून भिऊन वाजवतील, आणि भिऊन वाजवलेलं ऐकवत नाही. एवढं मलाही कळतं." त्यांनी कमरेवर हात ठेवला. "हिरडी लाल दिसली, पू दिसला, की त्याच दिवशी पुण्याला पाठवा. साखरेवर लक्ष ठेवा. तोपर्यंत वाजवू दे. दमले हो मी. एवढं एकदा मला सांगता नाही आलं."

गाडी आली. मास्तर दोन्ही हातांत चहाचे ग्लास सांभाळत धावत आले. बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी गजांतून ग्लास घेतला, चहा गरम असतानाच प्यायला, आणि रिकामा ग्लास परत देऊन डोकं गजाला टेकवून डोळे मिटले. गाडी हलली तरी त्यांनी ते उघडले नाहीत.

मास्तर फलाटाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, "मी चहाला गेलो तवा बाई काय तरी सांगत व्हत्या तुमाला. माझ्या दाताचंच ना?"

"हो," मी म्हटलं. "चांगला बसलाय म्हणाल्या."